फोर-व्हील ड्राइव्ह लावूनही गाडी वाळूत रुततेच? आधी चाकाखालचे खड्डे वाचा

सलग चार शनिवार माझी गाडी वाळूत रुतली. दुबई-शारजाच्या वाळवंटातली ठिकाणं वेगवेगळी होती: बदायर, लाहबाब, मलीहाकडची लाल वाळू आणि पुन्हा बदायर. प्रकार मात्र एकच. चढाचा शेवटचा दोन गाड्यांइतका तुकडा उरला की इंजिन ओरडायला लागायचं, गाडी जागीच बसायची आणि मागून येणाऱ्यांना माझ्यासाठी फावडी काढावी लागायची. त्याच ताफ्यातली, माझ्याहून लहान इंजिनाची आणि दहा वर्षं जुनी गाडी तोच चढ आरामात चढून पलीकडे उतरायची. चौथ्या वेळी एकाने डिकी उघडता उघडता विचारलं, "आज पण आपलंच का?" हसलो, पण लागलं.

पुढे कारण सापडलं, म्हणजे कारणं सापडली. गेल्या हिवाळ्यात तिघांनी फोन करून मला हेच विचारलं: "फोर-एच लावलं होतं, टायरमधली हवाही काढली होती, तरी रुतली. गाडीत काही बिघाड असेल का?" (फोर-एच म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हचा नेहमीच्या वेगाचा टप्पा, फोर-एल म्हणजे हळू पण जास्त जोराचा.) म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मी शारजात राहतो, त्यामुळे अनुभव इथल्या वाळूचा आहे.

गाडीत बिघाड बहुधा नसतो. मला मात्र आधी तसंच वाटलं होतं. एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, गॅरेजवाल्याशी इंजिनच्या ताकदीवरून वाद घातला. कळायला वेळ लागला ती गोष्ट अशी, की गाडी जिथे थांबते तिथे चूक शोधून उपयोग नाही. ती पन्नास मीटर मागे झालेली असते, कधी तर डांबरी रस्त्याच्या कडेला हवा काढतानाच.

त्यात माझी आणखी एक अडचण. मी कोल्हापूरकडचा. स्टिअरिंग पहिल्यांदा हातात आलं ते ट्रॅक्टरचं, उसाच्या फडातल्या चिखलात. तिथे चाक जागच्या जागी फिरायला लागलं तरी रेस सोडायची नाही, ही सवय हाडात बसलेली. चिखलात ते चालून जातं. चाक वरचा राडा उडवतं, दातांमध्ये अडकलेला चिखल झटकतं आणि खाली कुठेतरी घट्ट जमीन लागते. वाळूला अशी खालची जमीन नसते. चाक जितकं फिरेल तितकं ते खाली जातं आणि कडेची कोरडी वाळू पुन्हा त्याच खड्ड्यात घसरत राहते. चार-पाच सेकंद जोर धरलात की गाडीचं पोट वाळूला टेकतं. मग चार चाकं फिरोत की आठ, वजन चाकांवर राहिलेलंच नसतं.

मोठ्या दातांचे टायर घ्यायचा माझा बेतही याच समजातून आलेला. वाळूत असे टायर पकड घेण्याऐवजी खणतात. माझे निम्मे झिजलेले साधे टायरच वाळूला बरे आहेत हे ऐकून बायकोला जो आनंद झाला, तो चार टायरांच्या किमतीइतका होता.

खाली उतरा आणि खड्डे बघा

गाडी थांबली की पाय रेसवरून काढा. "अजून एकदा बघू" नको. हँडब्रेक लावा, उतरा आणि चारही चाकांभोवती एक फेरी मारा. त्या फेरीत निम्मं निदान होतं.

मागच्या दोन चाकांखाली खोल खड्डे आणि पुढच्या दोन चाकांखाली टायरची नक्षी स्वच्छ उमटलेली असेल, तर फोर-व्हील ड्राइव्ह लागलेलंच नाही. लिव्हर सरकवला किंवा बटण फिरवलं म्हणजे ते लागतंच असं नाही. डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत असेल तर आतले दाते अजून जुळलेले नाहीत. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे सरकवायची, दिवा स्थिर झाला की मगच वाळूत शिरायचं. फोर-एल साठी तर बहुतेक गाड्यांत पूर्ण थांबून न्यूट्रल टाकावं लागतं. चढाच्या मध्यावर हे करत बसलात तर गेलात. हे सगळं रस्त्याच्या कडेलाच आटपा.

उलट पुढची चाकं खणलेली आणि मागची कोरडीठाक असतील, तर तुमची गाडी बहुधा शहरी एसयूव्ही आहे, ज्यात मागच्या चाकांना ताकद एका क्लचमधून जाते. मऊ वाळूत हा क्लच काही मिनिटांत तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी सुटतो. काही गाड्यांत तसा संदेश येतो, काहींत मुकाट्याने होतं. पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, परत काम करेल. पण या गाडीने टेकड्यांवर जायचं नाही, सपाट वाळूवरच्या वाटांपुरतं ठेवायचं. कितीही वाईट वाटलं तरी.

तिरके खड्डे, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खणलेलं आणि उरलेली दोन शांत, हा गोंधळ डिफरन्शियलचा, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा. ताकद सोप्या वाटेने जाते. ज्या चाकावर वजन कमी, तेच फिरत बसतं. गाडी वाळूची धार तिरकी ओलांडत होती आणि दोन चाकं अधांतरी झाली, असा याचा अर्थ. लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप, असेल तर लावा. नसेल तर अधांतरी चाकांखाली वाळू भरून दाबा आणि मागे या. पुढच्या वेळी लहान धारा काटकोनात घ्या.

चाकांपुढे वाळूची उशी जमलेली आणि खड्डे मात्र उथळ असतील, तर तुम्ही ब्रेक दाबून थांबलात. रस्त्यावरच्या सवयीने सगळेच दाबतात. थांबताना चाकं वाळू ढकलत पुढे नेतात आणि निघताना गाडीला तोच बांध चढावा लागतो. वाळूत थांबायचं तर पाय काढून घ्यायचा, गाडी आपोआप थांबते, आणि शक्यतो तोंड उताराकडे करून. ब्रेक दाबून थांबलाच असाल तर निघताना आधी रिव्हर्स टाकून हातभर मागे या, तिथली वाळू तुमच्याच चाकांनी दाबलेली असते, आणि मग पुढे निघा. ही एवढीशी युक्ती मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर दोन शनिवार वाचले असते.

खड्डाच नाही, चाकं जवळजवळ लटकलेली आणि गाडी माथ्यावर तराजूसारखी बसलेली असेल, तर धारेवर पाय लवकर काढलात. त्याबद्दल पुढे.

शेवटचा प्रकार: चारही चाकांखाली सारखेच खड्डे, मागे उडालेल्या वाळूचे चार लांब फराटे. हा माझा. याचा अर्थ फोर-व्हील ड्राइव्ह ठीक, डिफरन्शियल ठीक, चालवणाऱ्याने पाय सोडला नाही, आणि टायरमध्ये हवा जास्त आहे.

"हवा तर पंधराच होती!"

असंच मी सगळ्यांना सांगत होतो. माझ्या खिशातला पेन्सिलसारखा गेज १५ पीएसआय दाखवायचा आणि माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास. मग एकदा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पंक्चर काढायला गेलो. तिथल्या पठाणाने चाक लावल्यावर सवयीने स्वतःचा मीटर टेकवला, मग माझ्या गेजने पुन्हा बघितलं, मग परत स्वतःच्या. दोघांत सहाचा फरक. त्याने माझा गेज दोन बोटांत धरून परत दिला. "साहब, ये झूठा है. फेंक दो." दोन उन्हाळे दाराच्या कप्प्यात पडून, वाळू खाऊन तो बिघडला होता. मी १५ समजून २१ वर चढत होतो.

२१ आणि १५ मध्ये एवढं काय? हिशेब करून बघा. माझी गाडी माणसांसकट साधारण २३०० किलोची, म्हणजे एका चाकावर पावणेसहाशे किलो. टायरच्या बाजूंचा ताठपणा सोडून दिला, तर रस्त्यावरच्या ३५ हवेला टायर जमिनीला सुमारे २३५ चौरस सेंटिमीटर टेकतो, तळहात आणि बोटं मिळून जेवढं होतं त्याच्या जरा पुढे. २१ ला ते ३९० च्या आसपास जातं आणि १५ ला ५४५ च्या. वजन तेच, पण वाळूवरचा दाब निम्म्याहून कमी. लोकांना वाटतं हवा काढली की टायर रुंद होतो. रुंद फारसा होत नाही, लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. गाडी त्या लांबीमुळे वाळूवर तरंगते.

वाळूसाठी मी आता १५ ने सुरुवात करतो. फार मऊ, पिठासारखी वाळू लागली तर १२. त्याखाली फक्त रुतलेली गाडी काढण्यापुरतं जायचं आणि बाहेर आल्यावर लगेच भरून घ्यायचं, कारण एवढ्या कमी हवेत वळण जोरात घेतलं की टायर रिमवरून सुटतो. सुटला तर जॅकखाली फळी लागते, रिमच्या कडेतली वाळू साफ करावी लागते, टायरभोवती पट्टा आवळून हवा भरावी लागते आणि उन्हात तासभर जातो.

गेजवर भरवसा नसेल तर एक काडी पुरते. घराखालच्या सपाट पार्किंगमध्ये ३५ हवेला जमिनीपासून रिमच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजून ठेवा. वाळूसाठी ती उंची साधारण पाऊण झाली पाहिजे, म्हणजे १२ सेंटिमीटर असेल तर ९ च्या आसपास. काडीवर दोन खुणा करून ती गाडीत टाका. माझी आइस्क्रीमची काडी आहे, दोन चिकटवून केलेली. पोरगी तिला "पप्पांचा थर्मामीटर" म्हणते.

अजून एक खोच, जिच्यात अनुभवी लोकही चुकतात. महामार्गावरून तासभर आलेला टायर तापलेला असतो. त्यात मोजून १५ ठेवलीत आणि रात्री वाळूतच मुक्काम केलात, तर सकाळी थंडीत तीच हवा ११ दाखवते. डिसेंबरमध्ये अबूधाबीच्या लिवा वाळवंटात आम्ही हे भोगलं. सकाळी चहा पिऊन निघालो आणि पहिल्याच वळणाला एकाचा टायर सुटला. मुक्कामाच्या सकाळी हवा पुन्हा मोजायची.

बटण अर्धंच दाबलेलं

हवा खरोखर १५ केली आणि निम्मा त्रास गेला. उरलेल्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. वळण घेत चढायला लागलो की मधेच इंजिन जीव टाकायचं. पाय पूर्ण दाबलेला आणि आवाज मात्र खाली. गॅरेजला स्कॅन केलं, काही नाही.

घसरण्यापासून वाचवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपलं काम चोख करत होती. रस्त्यावर गाडी घसरली की ती इंजिनची ताकद कापते आणि एखाददुसऱ्या चाकाला ब्रेक लावते. वाळूत गाडी सतत थोडी घसरतच चालते, त्यामुळे यंत्रणेला वाटतं अपघात होतोय आणि नेमकी जोर हवा तिथे ती जोर काढून घेते. तुम्ही म्हणाल, ती यंत्रणा बंद करायचं बटण तर मी दाबलं होतं. मीही दाबलं होतं. पण बऱ्याच गाड्यांत ते एकदा टिचकीसारखं दाबलं तर अर्धंच बंद होतं. गाडी उभी असताना दोन-तीन सेकंद दाबून धरलं की मग पूर्ण बंद होतं आणि दिवाही वेगळा लागतो. काही गाड्यांत ठरावीक वेगानंतर किंवा इंजिन बंद-चालू केल्यावर यंत्रणा आपोआप परत येते, काहींत फोर-एल टाकलं की स्वतःच सुटते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते एक पान वाचा. आख्ख्या पुस्तिकेतलं वाळूच्या उपयोगाचं तेवढंच.

ऑटोमॅटिक गिअर असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा धरून ठेवा. नाहीतर गिअरबॉक्स चढाच्या ऐन मध्यावर वरचा गिअर टाकतो, चूक कळल्यावर खालचा टाकतो, आणि त्या दोन क्षणांत गाडीचा वेग वाळू खाऊन टाकते.

वर नाही, खाली चालवा

आमच्या ताफ्याचा म्होरक्या केरळचा, पंचवीस वर्षं या वाळूत काढलेला माणूस. पाचव्या शनिवारी तो माझ्या शेजारी बसला. दोन चढ काही बोलला नाही. तिसऱ्याला पुन्हा इंजिन ओरडलं, गाडी माथ्याच्या खाली थांबली. तो म्हणाला, "तुम ऊपर जाके गाड़ी चलाता है. नीचे चलाओ."

मी चढ सुरू झाल्यावर, गाडी मंदावायला लागली की रेस वाढवत होतो. म्हणजे जिथे वाळू सर्वांत मऊ आणि उतार सर्वांत उभा, तिथे चाकांकडे जास्तीची ताकद मागत होतो. चाकं ती ताकद खणण्यात घालवत होती. वेग घ्यायचा तो पायथ्याच्या सपाट, घट्ट वाळूवर. चढावर पाय स्थिर, आणि माथा जवळ येईल तसा हळूहळू ढिला. माथ्यावर गाडी चालण्याच्या वेगाने पोचली पाहिजे, कारण पलीकडे काय आहे ते दिसत नाही. पाय लवकर काढला तर पोट टेकून लटकता. उशिरा काढला तर गाडी हवेत जाते आणि मग प्रश्न रुतण्याचा उरत नाही, मणक्याचा होतो. माथ्याचा अंदाज यायला वीस-पंचवीस टेकड्या चढाव्याच लागतात.

वाळू कुठे घट्ट आणि कुठे मऊ, हे वारा ठरवतो. वाऱ्याकडची बाजू सौम्य उताराची आणि दाबलेली असते. आडोशाची बाजू म्हणजे वरून ओघळून पडलेली सैल वाळू, तीस-चौतीस अंशांच्या उतारावर कशीबशी उभी राहिलेली. इथला मुख्य वारा शमाल, वायव्येकडून येणारा, पण टेकड्यांच्या गर्दीत तो कुठेही वळतो, तेव्हा होकायंत्रापेक्षा वाळूवरच्या लहरी बघा. बारीक, स्पष्ट लहरी असलेला पृष्ठभाग बहुतेक वेळा धरतो. गुळगुळीत, पीठ चाळून ठेवल्यासारखा दिसतो तो धरत नाही. पहाटे दव पडल्यावर वाळू घट्ट असते. सकाळी सातला चढलेला चढ दुपारी दोनला, कोरड्या आणि दहा गाड्यांनी उकरलेल्या वाळूवर, तोच राहत नाही. आणि सबखा, म्हणजे मिठाचा पांढरट पापुद्रा असलेली सपाट जमीन, दिसायला टेनिस कोर्ट आणि आत चिखल. तिथे ताफ्यातल्या सगळ्या गाड्या एकामागून एक रुतू शकतात. इथे कोल्हापुरी सवयही कामाला येत नाही.

चढ अर्ध्यात सुटला तर एकच नियम, आणि हा जिवाचा आहे: सरळ रिव्हर्समध्ये, आपल्याच फराट्यांवरून खाली. वळवून उतरायचा मोह होतोच. गाडी उतारावर आडवी झाली की कोलांटी खाते. आडवी घसरायला लागलीच तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवा आणि हलकी रेस द्या, मन नको म्हणत असलं तरी.

वेग, हवा आणि वाट यांच्यापुढे फोर-व्हील ड्राइव्ह किती दुय्यम आहे, याचा एक जुना दाखला इजिप्तमधला आहे. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करी अभियंता १९३० साली तिथल्या महावालुकासागरात साध्या टू-व्हील ड्राइव्ह फोर्ड गाड्या घेऊन शिरला. टायरमधली हवा कमी करायची, वाळूच्या चढाला थेट वेगाने भिडायचं, रुतलं की चाकाखाली लोखंडी पत्र्याच्या पन्हाळी सरकवायच्या, ही पद्धत त्याने आणि त्याच्या मित्रांनी बसवली. आज आपण दोनशे-तीनशे दिरहमला प्लॅस्टिकच्या केशरी पाट्या घेतो त्या याच पन्हाळींच्या नाती.

रुतलीच, तर

घाई करू नका. पहिला प्रयत्न नेहमी मागच्या बाजूने, कारण मागची वाळू तुम्ही दाबून आलेले असता. नाही निघाली तर खणा. लोक फक्त चाकांसमोर खणतात, पण गाडीला धरून ठेवते ती पोटाखालची वाळू, डिफरन्शियलभोवतीची आणि बंपरखालची. पालथं पडून हाताने ओढून काढा, फावड्याने तिथपर्यंत पोचता येत नाही. चाकापुढे छोटा उतार करा, भिंत ठेवू नका. हवा १२ वर आणा, अगदीच नसेल निघत तर १० वर. फोर-एल, दुसरा गिअर, चाकं सरळ, आणि रेस अंड्यावर पाय ठेवल्यासारखी. गाडी हलायला लागली की स्टिअरिंग किंचित डावं-उजवं करत राहिलं तर पुढच्या टायरच्या कडांना नवी वाळू मिळते. चाक जागी फिरलं की त्या क्षणी थांबा आणि पुन्हा खणा.

दोरीने ओढायचं असेल तर गाडीच्या टो-बॉलला काहीही बांधू नका. तो ट्रेलर ओढायला केलेला असतो. झटक्याने तुटला की तोफगोळ्यासारखा येतो, आणि त्याने माणसं मेलेली आहेत. बंपरखाली दिसणारी पातळ कडी बऱ्याचदा जहाजावर गाडी बांधून आणण्यासाठी असते, तीही नको. ओढायचा हुक कुठला ते घरीच बघून ठेवा. ओढायच्या पट्ट्यावर ओलं गोणपाट किंवा जाड टॉवेल टाका आणि बाकीच्यांना पट्ट्याच्या दीडपट लांब उभं करा. व्हिडिओ काढणाऱ्याला सगळ्यांत लांब.

मधेच इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडे गेला किंवा गिअरबॉक्सचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद करू नका. एसी बंद, तोंड वाऱ्याकडे, न्यूट्रल, आणि इंजिन चालू ठेवून थांबा. हळू वेग आणि जास्त रेस यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल भराभर तापतं. ते थंड व्हायला तेल फिरत राहायला हवं. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो.

एकट्या गाडीने जायचं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. आणि कुंपण किंवा फलक दिसला की आत शिरायचं नाही, कारण बऱ्याच जागा आता राखीव आहेत.

गावाकडून एक प्रश्न हमखास येतो: हे सगळं कोकणात चालेल का? समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. गोव्यात ते दंडनीय आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर त्याच वाळूत कासवांची अंडी असतात. आणि तिथलं रुतणं निराळं आहे. ओली वाळू चालत्या गाडीला छान धरते आणि गाडी उभी राहिली की लाटेचं पाणी टायरच्या भोवतालची वाळू अलगद काढून नेतं. इथे मला खणायला दिवसभर मिळतो. तिथे ओहोटीनंतर सहा तासांत भरती हजर असते आणि ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी सीटपर्यंत चढलेलं असतं.

डांबरावर परत आल्यावर

फोर-एच काढा. पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर ठेवलं की वळताना गाडी अडते आणि आतल्या भागांवर ताण येतो. हवा भरल्याशिवाय महामार्गावर जाऊ नका. १५ हवेवर शंभरच्या वेगात टायरच्या बाजू तापून फुटतात. पंप नसेल तर पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत ताशी चाळीसने, कडेकडेने.

आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं तर अलाइनमेंटला धावू नका. मी धावलो होतो. ६० दिरहम देऊन आलो तरी थरथर तशीच. शेवटी घराखाली बालदी घेऊन बसलो आणि पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला हात घातला, तर दाबून घट्ट बसलेली ओंजळभर लाल वाळू निघाली.